मद्यानें पोळलेलें यकृत आणि वनौषधींचा आधार

भाद्रपद सरत आला होता. सुंठ व ज्येष्ठमध घेण्यासाठीं प्रस्तुत लेखक गुलमंडीवरील एका जुन्या काष्ठौषधींच्या दुकानांत उभा होता. शेजारीं पन्नाशीच्या आसपासच्या एक गृहिणी हातांतील कागदावरून एकेक नांव वाचीत होत्या : कुटकी, पुनर्नवा, भुईआवळी, काडेचिराईत, गुळवेल. वयोवृद्ध दुकानदारानें पुड्या बांधतां बांधतां सहज विचारलें, "घरांत कोणाला कावीळ झाली आहे का, ताई?" त्या क्षणभर थांबल्या आणि आवाज खालीं आणून म्हणाल्या, "तसेंच समजा." त्या गेल्यावर दुकानदार माझ्याकडे न पाहतांच म्हणाला, "पूर्वीं ही यादी पावसाळ्यांत येत असे. हल्लीं बारा महिने येते."

त्यानें याहून अधिक कांहीं सांगितलें नाहीं, आणि सांगण्याची आवश्यकताहि नव्हती. आपल्या घरांत ज्या गोष्टीचें नांव मोठ्यानें घेतलें जात नाहीं, तिच्यावरचा काढा मात्र निमूटपणें उकळतो. दारू ही आपल्या दाराबाहेरची, दुसऱ्या वस्तीतील गोष्ट, हा समज आतां कोणीं मनापासून धरीत असेल असें वाटत नाहीं. ज्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, आम्ही राहतों, त्या शहराच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे व मद्याचे मोठमोठे कारखाने आहेत. पैठणच्या नाथसागराचें पाणी जसें आमच्या नळांना येतें तसें त्यांनाहि जातें. २०१६ च्या उन्हाळ्यांत, लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागत असतां, मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठानें मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचें पाणी मोठ्या प्रमाणांत कापण्याचा आदेश दिला होता, हें पुष्कळांना स्मरत असेल. त्या वादांत सर्वांचें लक्ष पाण्याकडे होतें. मद्य पिणाऱ्याच्या पोटांत काय होतें हा प्रश्न त्या वेळीं कोणीं काढला नाहीं, आणि तो न्यायालयाचा विषयहि नव्हता.

तो प्रश्न आज येथें काढावयाचा आहे, आणि त्याच्या जोडीला त्या गृहिणीच्या कागदावरील यादीचाहि. त्या मुळ्यांत व पानांत यकृताच्या पेशींना मद्यापासून वांचविणारें कांहीं आहे काय? असल्यास किती? केवळ श्रद्धेनें किंवा केवळ उपहासानें याचें उत्तर देऊं नये. कारण या बाबतींत पुष्कळ काम झालेलें असून त्यांतील कांहीं आपल्या महाराष्ट्रांतच झालें आहे.

प्रथम यकृताकडे पाहूं. सुमारें दीड किलो वजनाचा हा अवयव उजव्या बरगड्यांखालीं निमूटपणें शेंकडों कामें करीत असतो. पोटांत गेलेल्या मद्याचा बहुतेक भाग त्यालाच निस्तरावा लागतो. तेथील एक विकर मद्याचें रूपांतर अ‍ॅसेटाल्डिहाइड नामक दाहक पदार्थांत करतें आणि दुसरें विकर त्या दाहक पदार्थाचें निरुपद्रवी अ‍ॅसिटेटमध्यें. या खटाटोपांत पेशीचा सर्व कारभार बिघडतो. घरीं मानाचा जांवई आला म्हणजे सगळें स्वयंपाकघर त्याच्या दिमतीला लागतें आणि चुलीवरचें दूध ऊतूं जातें, तसा हा प्रकार आहे. यकृत मद्य आधीं जाळतें. रोजची चरबी जाळावयाची राहून जाते, आणि ती पेशींतच सांचूं लागते. फार पिणाऱ्या दहा जणांपैकीं नऊ जणांच्या यकृतांत अशी चरबी आढळते, आणि त्यांतील बहुतेकांना तिची जाणीवहि नसते.

रोज पिणाऱ्याच्या यकृतांत मद्य जाळण्याची आणखी एक वाट जोर धरते. या वाटेनें मद्य जळतांना प्राणवायूचे उग्र, अस्थिर कण निर्माण होतात व ते पेशीच्या आवरणाला चावे घेतात. त्यांना शमविणारें ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य पेशींत असतें, पण तेंहि हळूहळू संपत जातें. घरोघरीं तापावर घेतलें जाणारें पॅरासिटामॉल याच वाटेनें अंशतः विषारी बनतें; म्हणून नित्य मद्य घेणाऱ्यानें तें औषध मनास येईल तितकें घेणें धोक्याचें असतें. ही गोष्ट घरांतील औषधांची पेटी सांभाळणाऱ्या भगिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. शिवाय मद्यानें आंतड्याचें अस्तर सैल होतें, जंतूंचें विष रक्तांतून यकृतांत शिरतें, तेथील पहारेकरी पेशी खवळतात आणि सूज येते. ही सूज वर्षानुवर्षें टिकली म्हणजे कांहीं पेशी जखम भरून काढण्याच्या हेतूनें तंतूंचें जाळें विणूं लागतात. तें जाळें इतकें दाट होतें कीं यकृत कठीण, गांठाळ व आक्रसलेलें बनतें. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. जलोदर, रक्ताच्या उलट्या, बुद्धिभ्रंश हीं त्याचीं पुढचीं पावलें. फार पिणाऱ्यांपैकीं शेंकडा दहा ते वीस जण या टोकाला जातात. स्त्रियांच्या बाबतींत कमी मद्यानें व कमी काळांत हानि होते.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं मद्य स्वतःच यकृताला विषासमान आहे, हें मान्य व्हावयास विसावें शतक निम्म्याहून अधिक उलटावें लागलें. इन्सुलिनच्या शोधांत सहभागी असलेले चार्ल्स बेस्ट यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेंहि १९४९ सालीं असें प्रतिपादिलें होतें कीं, यकृताच्या पेशींवर मद्याचा साखरेहून निराळा असा खास विषारी परिणाम दिसत नाहीं; मद्यपी नीट जेवत नाहीं आणि आहारांतील उणिवेनें त्याचें यकृत बिघडतें. हा समज न्यूयॉर्क येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या चार्ल्स लीबर यांनीं खोडून काढला. त्यांनीं बबून जातीच्या माकडांना उत्तम, सकस आहार दिला व त्याबरोबर मद्यहि दिलें. आहारांत कांहीं उणें नसतांहि माकडांचीं यकृतें प्रथम चरबीनें भरलीं आणि पुढें कांहींना सिऱ्होसिस झाला. "तो खाऊन-पिऊन असतो, त्याला कांहीं होत नाहीं," असें जें आपण ऐकतों, त्याचें उत्तर १९७० नंतरच्या त्या दशकांतच मिळून चुकलें आहे.

याच लीबर यांची पुढची हकीगत प्रस्तुत विषयाच्या गाभ्याची आहे. सोयाबीनमधील लेसिथिनांतून काढलेला एक शुद्ध स्निग्ध घटक त्यांनीं मद्य पिणाऱ्या बबून माकडांना दिला. आपल्या मराठवाड्यांत, लातूरच्या बाजारांत, ज्याचे ढीग पडतात तेंच हें सोयाबीन. त्या माकडांच्या यकृतांत तंतूंचें जाळें विणलें गेलें नाहीं. १९९४ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला व मोठी आशा उत्पन्न झाली. मग तेंच द्रव्य माणसांना देण्याचें ठरलें. माजी सैनिकांच्या अनेक रुग्णालयांतील ७८९ रुग्णांवर दोन वर्षें हा प्रयोग चालला. निम्म्यांना खरें औषध, निम्म्यांना दिसावयास तसेंच पण निर्गुण असें. कोणाला काय मिळालें हें रुग्णालाहि ठाऊक नाहीं व वैद्यालाहि नाहीं. २००३ सालीं निकाल लागला. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा भेद नव्हता.

पण या अपयशाच्या पोटांत एक गोष्ट दडलेली होती. प्रयोगाला आरंभ होण्यापूर्वीं हीं माणसें सरासरीनें दिवसाला १६ पेले मद्य घेत होतीं. प्रयोग सुरू होतांच ठराविक दिवशीं बोलावणें, विचारपूस, चार समजुतीचे शब्द हें सर्व दोन्ही गटांना सारखेंच मिळूं लागलें, आणि मद्याचें प्रमाण सुमारें अडीच पेल्यांवर आलें. त्यामुळें ज्यांना निर्गुण गोळी मिळाली त्यांचेंहि यकृत फारसें बिघडलें नाहीं. औषध मोजावयास निघालेल्या शास्त्रज्ञांच्या हातीं मद्य सोडण्याचा परिणाम आला.

युरोपांतील एका वनस्पतीची कथाहि बरीचशी अशीच आहे. मिल्क थिसल नांवाच्या, जांभळ्या फुलांच्या काटेरी झुडुपाच्या बियांतून म्यूनिक येथील हिल्डेबर्ट वाग्नर यांनीं १९६८ सालीं सिलिमारिन हें द्रव्य वेगळें केलें. तें उग्र कणांना शमवितें, पेशीचें आवरण बळकट करतें, आणि विषारी अळंब्यांनीं यकृत निकामी होऊं लागलें असतां त्याचा एक घटक शिरेतून दिला जातो. आज आपल्याकडेहि यकृतासाठीं म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ गोळ्यांत तें असतें. सिऱ्होसिस झालेल्या रुग्णांवर व्हिएन्ना येथें केलेल्या प्रयोगाचा निकाल १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हें औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ५८ जण चार वर्षांनंतर हयात होते आणि न घेणाऱ्यांपैकीं ३९. परंतु १९९८ सालीं स्पेनमध्यें, केवळ मद्यामुळें सिऱ्होसिस झालेल्या २०० रुग्णांवर तसाच प्रयोग केला असतां आयुर्मर्यादेंत कांहींच फरक दिसला नाहीं. पुढें काटेकोर रीतीनें झालेल्या सर्व प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तीहि या दुसऱ्या निकालाच्याच बाजूनें गेली. औषध बहुधा निरुपद्रवी आहे, पण तें मद्यप्याला तारतें असें म्हणवत नाहीं.

आतां आपल्या कुटकीकडे येऊं. हिमालयांत, तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर उगवणारी ही कमालीची कडू मुळी. तिच्यांत पिक्रोसाइड व कुटकोसाइड हीं द्रव्यें असतात व लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेनें त्यांच्या मिश्रणावर दीर्घकाळ काम केलें आहे. आपल्या वैद्यांच्या नित्य परिचयाच्या आरोग्यवर्धिनी गुटीचा मोठा भाग कुटकीचाच असतो. त्या गुटीची विषाणुजन्य काविळीवरील परीक्षा मुंबईंत झाली, आणि तीहि पाश्चात्त्यांच्या दुहेरी गुप्ततेच्या रीतीनें; तिचा वृत्तांत १९८० सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९९६ सालीं डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नुसत्या कुटकीचा प्रयोग प्रसिद्ध केला. १५ रुग्णांना कुटकीचें चूर्ण ३७५ मिलिग्रॅम दिवसांतून तीन वेळां दोन आठवडे दिलें, १८ रुग्णांना निर्गुण चूर्ण. रक्तांतील पित्तरंजक द्रव्य विवक्षित पातळीपर्यंत उतरावयास कुटकीच्या गटाला सरासरी सुमारें २७ दिवस लागले आणि दुसऱ्या गटाला सुमारें ७६.

हा फरक लहान नव्हे आणि तो वाचून प्रस्तुत लेखकासहि अभिमान वाटला. पण दोन गोष्टी मनांत ठेवावयास हव्यात. एक, रुग्णांची संख्या थोडी आहे. दुसरी अधिक महत्त्वाची : ही कावीळ विषाणूची होती, मद्याची नव्हती. विषाणूची कावीळ बहुधा आपली आपण उतरते. औषध फार तर तिला लौकर उतरवितें. मद्याच्या बाबतींत दुखापत करणारा रोज संध्याकाळीं नव्यानें घरांत शिरत असतो. शिवाय कुटकी रानांतून बेसुमार उपटली गेल्यामुळें दुर्मिळ झाली आहे, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, आणि बाजारांत कुटकी म्हणून जें मिळतें तें सर्व कुटकीच असतें असें कोणीं छातीवर हात ठेवून सांगूं नये.

येथें उंदरांविषयीं थोडें बोलणें प्राप्त आहे. आपल्या देशांतील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून यकृतरक्षक वनस्पतींवर इतके प्रबंध निघतात कीं, बांधावरचें एखादें रोपटें यांतून सुटलें असेल कीं नाहीं याची शंका येते. या प्रयोगांची रीत अशी कीं, उंदराला आधीं कांहीं दिवस वनस्पतीचा अर्क पाजावयाचा, मग कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलची मोठी मात्रा द्यावयाची, आणि यकृत किती वांचलें तें पाहावयाचें. म्हणजे ढाल आधीं, वार मागून. माणसाचा क्रम उलटा असतो. वीस वर्षें वार झाल्यावर तो ढाल मागावयास येतो. त्यांतून उंदराला मद्य आवडत नाहीं आणि तो तें माणसाहून पुष्कळ वेगानें जाळून टाकतो. विद्यार्थ्याची पदवी व्हावयास असा प्रयोग पुरतो. "यकृतरक्षक" हा शब्द डबीवर छापावयास तो पुरूं नये, पण पुरतो खरा.

पावसाळ्यांत कोठेंहि ओलसर जागेंत उगवणारी, पानांखालीं मोहरीएवढीं फळें धरणारी भुईआवळी हिचीहि एके काळीं फार ख्याति झाली होती. मद्रास येथील त्यागराजन यांनीं, नोबेल पारितोषिकाचे मानकरी ब्लमबर्ग यांच्या साहाय्यानें, १९८८ सालीं असें दाखविलें कीं, ब प्रकारच्या काविळीचे विषाणु वाहणाऱ्यांपैकीं शेंकडा ५९ जणांच्या रक्तांतून त्या विषाणूची खूण महिनाभराच्या भुईआवळीनें नाहींशी झाली. नंतर इतर ठिकाणीं तो चमत्कार पुन्हां घडला नाहीं. मद्याशीं त्याचा संबंध नव्हताच.

गुळवेलीची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. 'फुलवा' आणि 'पांचाळीची थाळी' यांमुळें मराठी वाचकांना प्रिय झालेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर या मुंबईच्या केईएम रुग्णालयांत औषधशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. पित्तनलिकेंतील अडथळ्यानें कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वीं गुळवेल दिली असतां ते शस्त्रक्रियेंतून अधिक संख्येनें सुखरूप बाहेर येतात, असा निष्कर्ष त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं मांडला. ठराविक मात्रा, ठराविक दिवस, रुग्णालयाची देखरेख आणि गुळवेलीची पारखून घेतलेली जात, अशी ती परीक्षा होती.

त्यानंतर २०२० सालीं करोनाची सांथ आली. प्रतिकारशक्ति वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा घरोघरीं, महिनेंच्या महिने, कोणाच्याहि सल्ल्याशिवाय उकळूं लागला. त्या वर्षाच्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळांत मुंबईच्या डॉ. आभा नगराळ व त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताला सूज आलेले असे सहा रुग्ण आढळले कीं, त्या सर्वांनीं गुळवेल घेतली होती. शरीराची रक्षक यंत्रणा चेतविणारें द्रव्य तीच यंत्रणा आपल्याच यकृतावर उलटवूं शकतें, असें त्यांचें अनुमान होतें. आयुष मंत्रालयानें त्यावर हरकत घेतली. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाहीं व गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असण्याचा संभव आहे, असें त्याचें म्हणणें पडलें. ही हरकत अगदींच निराधार नव्हती. परंतु २०२२ सालीं देशांतील १३ रुग्णालयांतील ४३ रुग्णांचा वृत्तांत आला आणि त्यानें मूळच्या शंकेला पुष्टि दिली. जी वेल डहाणूकरांच्या हातीं उपकारक ठरली तीच अनियंत्रित वापरांत कांहींना बाधली, यांत विसंगति नाहीं. हळदीचेंहि तेंच. वसमत-हिंगोलीची हळद आमटींत घालून कोणाचें यकृत बिघडल्याचें ऐकिवांत नाहीं; पण तिच्यांतील कर्क्युमिन शोषलें जावें म्हणून मिरीच्या अर्कासह गोळ्या करून घेतल्या असतां यकृताला इजा झाल्याचीं उदाहरणें अमेरिकेंत २०२२ सालीं प्रसिद्ध झालीं आहेत.

एक अपवादात्मक बरी बातमीहि आहे, आणि ती कॉफीची. कॅलिफोर्नियांतील सव्वा लक्ष लोकांच्या दीर्घ पाहणींत रोजच्या प्रत्येक पेल्यामागें मद्यजन्य सिऱ्होसिसचा धोका शेंकडा २२ नें कमी आढळला. चहाला हें श्रेय मिळालें नाहीं, याचें आमच्यासारख्यांना दुःख होणें साहजिक आहे. मात्र ही केवळ पाहणी आहे. कॉफी पिणारे इतर बाबतींतहि निराळे असूं शकतात.

आमच्या नात्यांतील एका घरची हकीगत येथें सांगतों. कर्ता मुलगा संध्याकाळीं कचेरींतून परस्पर जाई व रात्रीं उशिरा येई. तपासणींत यकृताची सूज निघाली, तेव्हां त्याच्या काकूंनीं काढा सुरू केला. तीन महिन्यांनीं रक्ताचे आंकडे पुष्कळ खालीं आले व काढ्याची कीर्ति सर्व नातेवाइकांत झाली. मीं त्यांना काढ्यांतील द्रव्यें विचारलीं. त्या म्हणाल्या, "द्रव्यांचें काय घेऊन बसलास? मी त्याला बजावलें होतें, काढा संध्याकाळीं सात वाजतां गरम गरमच घ्यावयाचा, आणि माझ्यासमोर. सातला घरीं आला कीं मग जेवून झोपे." न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना ७८९ रुग्णांवरून जें दिसलें तें या बाईंना एका पुतण्यावरून कळलें होतें, त्या फक्त तें चारचौघांत बोलत नव्हत्या.

कारण आज निश्चितपणें जें ठाऊक आहे तें एवढेंच : मद्य पूर्ण बंद केल्यास यकृतांतील चरबी बहुधा थोड्याच आठवड्यांत ओसरते, सूज उतरूं लागते, आणि सिऱ्होसिस झालेल्याचेंहि आयुष्य वाढतें. तीव्र सुजेंत रुग्णालयांत स्टेरॉइडबरोबर एन्-अ‍ॅसेटिल सिस्टीन दिल्यास पहिल्या महिन्यांतील मृत्यु कमी होतात, असें २०११ सालच्या फ्रेंच प्रयोगांत दिसलें. पण सहा महिन्यांनीं तो लाभ निश्चितपणें टिकलेला दिसला नाहीं. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट यांनीं स्थापन केलेलें मुक्तांगण, शहरोशहरीं भरणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा, आणि आमच्याकडे घाटी म्हणून ओळखलें जाणारें शासकीय रुग्णालय अशीं दारें उघडीं आहेत. चरकसंहितेंतहि मदात्ययाला चिकित्सास्थानांत स्वतंत्र अध्याय आहे. हा रोग आहे व त्याची चिकित्सा करावयाची असते, हें आपल्या पूर्वजांना लाज न वाटतां लिहितां आलें होतें.

दोन सावधगिरीच्या सूचना तेवढ्या देतों. रोज भरपूर पिणाऱ्या मनुष्याचें मद्य घरच्या घरीं एका दिवसांत बंद करूं नये. हात कांपणें, झटके येणें, भ्रम होणें असे प्रकार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं उद्भवतात व ते जिवावर बेतूं शकतात. हें काम वैद्यकीय देखरेखीखालींच व्हावें. आणि काढा, चूर्ण, गुटी यांपैकीं जें कांहीं चालूं असेल तें डॉक्टरांपासून लपवूं नये. पुडी, वेष्टन व दुकानाची पावती तशीच बरोबर न्यावी. कुटलेल्या चूर्णांत कोणती मुळी होती हें नंतर कोणालाहि डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं.